न लागलेला फोन

टेलिफोनला नंबर मिळाले ते एका डॉक्टरमुळे. साल १८७९. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेल या कापडगिरण्यांच्या गावात गोवराची साथ पसरली होती. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चार ऑपरेटर होते आणि कुणाची तार बोर्डावर कुठं आहे, हे त्या चौघांनाच पाठ होतं. फोन उचलायचा, अमक्याशी बोलायचंय म्हणून नाव सांगायचं, की ऑपरेटर जोडून द्यायचा. डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांना काळजी लागली, की हे चौघे एकदमच अंथरुणाला खिळले तर काय? बदलीवर आलेल्या नवख्या माणसाला गावभरची नावं आणि जागा कधी पाठ होणार? त्यांनी सुचवलं, नावांऐवजी प्रत्येक वर्गणीदाराला एकेक आकडा द्या. आकडे वाचता येणारा कुणीही मग बोर्डावर बसू शकेल. आपलं नाव जाऊन आकडा आला हे लोकांना रुचणार नाही, अशी कंपनीला धास्ती होती. लोकांनी आकडे मुकाट्यानं स्वीकारले, आणि पुढं सगळ्या जगानं.

मी पी अँड टी खात्यातला, म्हणजे जुन्या पोस्ट अँड टेलिग्राफ खात्यातला टेलिफोन ऑपरेटर. सातारा जिल्ह्यात, डोंगराकडच्या एका तालुक्याच्या गावी माझी बहुतेक नोकरी झाली. निवृत्तीनंतर माझ्या डॉक्टर सुनेच्या दवाखान्यातली फोनची व्यवस्था मी अंगावर घेतली आणि त्या निमित्तानं डॉक्टर आणि टेलिफोन या जोडीचा इतिहास वाचत गेलो. त्यात पार्कर डॉक्टरांची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. एक्स्चेंज सुरळीत चालू असताना ते कशानं बंद पडेल, याचा विचार त्यांनी केला. ज्याचा फोन उद्या लागणार नाही, त्याची काळजी आज केली. पुढं जे वाचलं आणि जे स्वतः पाहिलं, त्यातून माझी खात्री झाली आहे, की डॉक्टरचा फोन जेव्हा जेव्हा खऱ्या अर्थानं सुधारला, तेव्हा कुणीतरी न लागलेल्या फोनची विचारपूस केली होती.

ही जोडी टेलिफोनच्या जन्मापासूनची. ग्रॅहम बेलचा फोन पहिल्यांदा बोलला १८७६ च्या मार्चमध्ये. दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर कनेटिकट राज्यात हार्टफर्ड शहरातल्या एका औषधांच्या दुकानातून आसपासच्या डॉक्टरांकडे तारा गेल्या होत्या. १५ जानेवारी १८७८ च्या रात्री टॅरिफव्हिल इथं नदीवरचा पूल कोसळून रेल्वेचे डबे खाली गेले, तेरा माणसं दगावली, कित्येक जखमी झाली. त्या औषधाच्या दुकानातून डॉक्टरांना फोन गेले आणि त्यांना घेऊन मदतीची गाडी निघाली. संकटात माणसं वाचवायला टेलिफोन वापरल्याचा हा अगदी सुरुवातीचा दाखला. घोड्यावरून निरोप्या धाडून एकेका डॉक्टरला उठवायचं म्हटलं असतं, तर किती वेळ गेला असता!

त्याच महिन्यात, २८ जानेवारी १८७८ ला, त्याच राज्यात न्यू हेवनला व्यापारी तत्त्वावरचं पहिलं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. फेब्रुवारीत त्यांनी वर्गणीदारांची यादी छापली. एका पानावर पन्नासेक नावं, नंबर कुठलेच नाहीत, आणि डॉक्टरांचा त्यात वेगळा गट. आपल्याकडं बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ ला, ओरिएंटल टेलिफोन कंपनीची एक्स्चेंजेस मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांत सुरू झाली. कलकत्त्याला तेव्हा ९३ वर्गणीदार होते. मुंबईचा टेलिफोन पुढं साठ वर्षं कंपनीच्याच हातात राहिला, १९४३ साली तो सरकारनं घेतला.

फोनवरून पेशंट तपासायची कल्पनाही तितकीच जुनी. १८७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक हकीकत छापून आली. मध्यरात्री एका बाळाला खोकल्याची उबळ आली, घरच्यांना घशाच्या घातक आजाराची शंका आली. डॉक्टरनं बाळाला फोनजवळ धरायला सांगितलं, खोकला ऐकला आणि घाबरण्यासारखं काही नाही असं सांगून घरच्यांना झोपायला लावलं. १९०५ मध्ये हॉलंडात लायडनला विलेम आइंटहोवेन यांनी तर हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून घेतला. त्यांचं यंत्र इतकं अवजड, की ते प्रयोगशाळेतून हलवणं अशक्य, आणि इस्पितळातले रोगी उठवून यंत्रापाशी नेणं त्याहून अवघड. मग दोन्हींच्या मध्ये दीड किलोमीटरची तार टाकली. आज आपण ज्याला ईसीजी म्हणतो, त्याचा पाया या माणसानं घातला. पुढं १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं.

हे सगळं परदेशात, मोठ्या शहरात. आपल्याकडं तालुक्याच्या गावी फोन आला तो फार पुढं, आणि आला तोही मोजक्या घरांत. मामलेदार कचेरी, पोलीस ठाणं, दोन-चार व्यापारी, आणि डॉक्टर. फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागण्याच्या काळात प्रतीक्षायादीत डॉक्टरांना खास वर्गात जागा होती, त्यांचा अर्ज सर्वसाधारण रांगेच्या आधी निघायचा. म्हणजे डॉक्टरच्या घरचा फोन ही एका माणसाची सोय नाही, साऱ्या गावाची आहे, हे सरकारी खात्यालाही मान्य होतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमचं एक्स्चेंज मॅग्नेटोचं होतं. वर्गणीदारानं फोनची दांडी फिरवली, की बोर्डावर त्याच्या नंबरचं छोटं शटर खट्‌कन खाली पडायचं. आम्ही त्या भोकात प्लग घालायचो, 'नंबर प्लीज' म्हणायचो, मागेल त्या नंबरात दुसरा प्लग घालून घंटी द्यायचो. बोलणं संपलं की दोन्ही प्लग काढायचे, शटर हातानं वर करायचं. बाहेरगावच्या ट्रंक कॉलसाठी तिकीट लिहायचं, त्यावर बुकिंगची वेळ टाकायची, आणि वरची लाइन मोकळी होईपर्यंत वाट बघायची. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते. पुण्याच्या तज्ज्ञाशी बोलण्यासाठी आमच्या डॉक्टरांनी अर्जंट कॉल लावला आणि तासाभरानं तो मिळाला, तर त्या दिवशी लाइन बरी चालली असं आम्ही समजायचो.

गावातल्या जुन्या डॉक्टरांची एक शिस्त होती. रात्री कुठं जेवायला, कीर्तनाला, लग्नाला जाणार असतील, तर निघण्याआधी एक्स्चेंजला फोन करून सांगायचे, 'आज मी अमक्याकडं आहे, काही आलं तर तिकडं लाव.' बोर्डाच्या काचेखाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद होता. त्यावर तीन प्रश्न होते. काय झालंय आणि कधीपासून? माणूस शुद्धीवर आहे का? आणायला गाडी आहे का? डॉक्टर सापडेपर्यंत ऑपरेटरनं एवढं विचारून ठेवायचं, असं त्यांनी आम्हाला शिकवलं होतं.

एका पावसाळी रात्री खोऱ्यातल्या एका गावच्या पोस्टातली लाइन वाजली. पोस्टमास्तरांना झोपेतून उठवून चार माणसं फोनपाशी आली होती. बोलणाऱ्याचा आवाज तारेत निम्मा विरघळून जात होता. मी एकेक शब्द दोनदा विचारून घेतला. बाळंतीण बाई, मूल झालंय, रक्त थांबत नाही, शुद्ध आहे पण डोळे मिटतेय, गाडी नाही, ओढ्याला पाणी आहे. डॉक्टर त्या रात्री एका वकिलांच्या घरी होते. मी तिकडं घंटी दिली, वकिलांच्या मुलानं फोन उचलला, डॉक्टर आले. मी लिहून घेतलेलं वाचून दाखवलं आणि मग दोघांना जोडून दिलं. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, पोट कसं चोळायचं, मूल अंगावर कसं लावायचं, पायथा कसा उंच करायचा. ते सांगून झाल्यावर मला म्हणाले, 'पोलीस ठाण्याला लाव, जीप मागतो. आणि ही लाइन दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.' मी पहाटेपर्यंत त्या भोकातला प्लग काढला नाही. बाई वाचली. डॉक्टर त्याचं श्रेय जीपला आणि बाईच्या सासूला द्यायचे, सासूनं सांगितल्याबरहुकूम सगळं केलं म्हणून. माझ्या मनात मात्र तो काचेखालचा कागद राहिला. तीन प्रश्नांची उत्तरं आधीच हातात असल्यामुळं डॉक्टरांची पहिली दोन मिनिटं वाचली होती.

ऑपरेटरच्या कानावर गावातली सगळी दुखणी पडायची. कुणाच्या थुंकीत काय निघालं, कुणाच्या मुलीला कशासाठी मिरजेला नेलं, सगळं. ते बाहेर बोलायचं नाही, हा कायदाही होता आणि आमचा धर्मही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात तारेवरचा मजकूर फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षेची तरतूद होती. आमच्या वरिष्ठांनी रुजू होताना ते कलम वाचून दाखवलं होतं. मला वाटतं, दवाखान्यात फोनवर बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे असंच गंभीरपणे सांगायला हवं.

माणूस मध्ये असण्याचे तोटेही होते, ते लपवण्यात अर्थ नाही. ऑपरेटर आजारी पडतो, चिडतो, पक्षपात करतो. अमेरिकेत कॅन्सस सिटीला अंत्यविधीचा व्यवसाय करणारे आल्मन स्ट्रोजर यांना संशय आला, की ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडं वळवतात. त्यांनी ऑपरेटरच लागणार नाही असं स्वयंचलित यंत्र काढलं, १८९१ साली त्याचं पेटंट मिळवलं आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यात ला पोर्ट इथं असं एक्स्चेंज सुरू झालं. भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज शिमल्याला १९१३-१४ मध्ये बसलं, सातशे लाइनींचं. यंत्र भेदभाव करत नाही हा त्याचा मोठा गुण. पण कोण किती अडचणीत आहे, हेही त्याला कळत नाही.

याची जबर किंमत लंडननं मोजली. १० नोव्हेंबर १९३५ ला विम्पोल स्ट्रीटवर, म्हणजे लंडनमधल्या नामवंत डॉक्टरांच्या वस्तीत, एका शल्यविशारदाच्या घराला आग लागली. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी एक्स्चेंजला फोन लावला, तर तिथं रांग. अग्निशामक दल दारात येऊन उभं राहिलं तरी ते फोन कानाला लावून ताटकळतच होते. त्या आगीत पाच बायका गेल्या. गृहस्थांनी 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, सरकारनं चौकशी नेमली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा, आणि ऑपरेटर हातातलं काम टाकून तो फोन आधी घ्यायचा. रांगेतून तातडीचा फोन वेगळा काढण्याची ही पहिली पक्की व्यवस्था. एका न लागलेल्या फोनबद्दल एका माणसानं पत्र लिहिलं, त्यातून ती आली. आपल्याकडचे १००, १०१, १०२ याच विचारातले. १५ ऑगस्ट २००५ ला आंध्र प्रदेशात १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. आज खेड्यातला माणूस १०८ फिरवतो तेव्हा पलीकडं बसलेली व्यक्ती जे विचारते, ते आमच्या डॉक्टरांच्या तीन प्रश्नांहून फार वेगळं नसतं.

न लागलेल्या फोनचं गणित मांडणारा माणूस कोपनहेगनचा. आग्नर क्रारुप एर्लांग तिथल्या टेलिफोन कंपनीत होते. फोन कधी येईल ते सांगता येत नाही, पण भरपूर फोनांचा मिळून एक स्वभाव असतो, हे त्यांनी १९०९ च्या लेखात दाखवलं. १९१७ साली सूत्र दिलं, की इतके फोन आणि इतक्या लाइनी असतील तर किती फोन परत जातील. टेलिफोन वाहतुकीच्या एककाला आज त्यांचंच नाव आहे.

हे सूत्र दवाखान्याला लावून बघा. सकाळच्या गर्दीच्या तासात वीस फोन येतात, प्रत्येक फोन सरासरी तीन मिनिटं चालतो असं धरू. एकूण साठ मिनिटं. एक लाइन तासाला साठ मिनिटं चालते, म्हणजे एक लाइन पुरली, असं कोणीही म्हणेल. एर्लांग म्हणतात, नाही. फोन शिस्तीत एकामागून एक येत नाहीत, झुंडीनं येतात. या हिशोबात एका लाइनीवर निम्मे फोन एंगेज लागून परत जातील. दोन लाइनी केल्या तर पाचातला एक परत जाईल, तीन केल्या तर साधारण सोळातला एक. आणि हे झालं परत गेलेला माणूस पुन्हा फिरवत नाही असं धरून. खऱ्या जगात तो लगेच पुन्हा फिरवतो, त्यामुळं गर्दी आणखी वाढते. शिवाय लाइन मोकळी असून भागत नाही, उचलायला माणूसही मोकळा हवा. दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं हा एवढा हिशोब एकदा कागदावर मांडावा असं मला कळकळीनं वाटतं, कारण एंगेज लागलेल्या फोनची दवाखान्यात कुठंच नोंद होत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीनं तो फोन आलेलाच नसतो.

नंतरची यंत्रं भराभर आली. नंबर फिरवून थेट परगावी बोलण्याची एसटीडी १९६० मध्ये लखनौ आणि कानपूरमध्ये सुरू झाली, आमच्याकडं यायला पुढची कितीतरी वर्षं लागली. १९८४ साली सी-डॉट ही टेलिफोन यंत्रणा घडवणारी सरकारी संस्था स्थापन झाली. त्यांनी बनवलेलं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज एसीशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालायचं. त्यामुळं खेडोपाडी फोन पोचले, एसटीडी-पीसीओच्या, म्हणजे सार्वजनिक फोनच्या, पिवळ्या पाट्या लागल्या. रात्री-अपरात्री पीसीओवाल्याला उठवून डॉक्टरला फोन लावलेली माणसं माझ्या गावात घरोघर आहेत. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, आणि २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाल्यावर मोबाइल शेतमजुराच्या खिशात आला. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. फोनवरून सल्ला कधी द्यावा, नुसत्या आवाजावर कुठली औषधं लिहू नयेत, तातडीच्या प्रसंगी प्रथमोपचार सांगून पेशंटला प्रत्यक्ष डॉक्टरकडं कसं पाठवावं, हे त्यात नीट सांगितलं आहे. 'लॅन्सेट'मधल्या त्या खोकल्यापासून इथवर यायला एकशे चाळीस वर्षं गेली.

या सगळ्या प्रवासात आमच्या गावचं मॅग्नेटो एक्स्चेंज निघालं, बोर्ड निघाला, काचेखालचा कागदही गेला. तार थेट डॉक्टरच्या टेबलापर्यंत आली. ऑपरेटरनं जे काम नकळत केलं होतं, म्हणजे डॉक्टर कुठं आहे ते ठाऊक असणं, तातडी ओळखणं, लाइन राखून ठेवणं, ते काम कुणाकडंच सोपवलं गेलं नाही. ते दवाखान्याच्या काउंटरवर येऊन पडलं. तिथली ताई एका हातानं पैसे घेतेय, दुसऱ्या हातानं केसपेपर शोधतेय, समोर आठ माणसं, आणि फोन वाजतोय.

सुनेच्या दवाखान्यात मी फोन तपासायला घेतला तेव्हा ती म्हणाली, "आप्पा, फोन तर दिवसभर वाजत असतो. लागत नाही असं आजवर कुणी म्हटलं नाही."

मी म्हटलं, "अगं, ज्याचा लागला नाही तो सांगणार कुठून?"

फूलस्केप कागदावर अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखले. उचललेल्या फोनला एक खूण, वाजून बंद पडलेल्या फोनला दुसरी. मोबाइलवरचे मिस्ड कॉल संध्याकाळी त्यातच मिळवायचे. पण एंगेज लागलेले फोन असे सापडत नाहीत. त्यासाठी बाकावर बसलेल्या पेशंटांना विचारायला लागलो, "फोन केला होतात का? लागला का? कितीदा फिरवलात?" ही चौकशी सगळ्यात उपयोगी पडली. कित्येक जण फोन लागत नाही म्हणून नंबर न लावताच निघून आले होते, आणि कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी नातवाला सायकलवर पाठवून डॉक्टर आहेत का याची खात्री केली होती. एका आजींनी सांगितलं, त्यांच्या यजमानांना दम लागला तेव्हा अर्धा तास फोन फिरवला, मग रिक्षा करून दुसरीकडं नेलं. त्या वेळच्या आमच्या रकान्यात सगळ्या खुणा नंबर लावायच्या आणि रिपोर्ट आला का विचारायच्या होत्या. दम लागलेला माणूस त्या गर्दीमागं उभा होता.

मग एकेक गोष्ट लावून घेतली. नंबर लावायची वेळ आदल्या संध्याकाळी नेली, मेसेज टाकूनही नंबर लागेल असं केलं, तेव्हा सकाळचा लोंढा निम्म्यानं ओसरला. रिपोर्टसाठी पेशंटनं फोन करायचा नाही, दुपारच्या निवांत वेळी दवाखान्यानंच करायचा, आणि तोही वेगळ्या फोनवरून, म्हणजे येणारी लाइन मोकळी राहते. मुख्य नंबराला जोडलाइनी घेऊन हंटिंग केलं, एक लाइन गुंतली की फोन आपोआप पुढच्या लाइनीवर जातो. तातडीसाठी वेगळा नंबर केसपेपरवर ठळक छापला, त्यावरून दवाखान्यातलं दुसरं कुठलंच काम करायचं नाही. गर्दीच्या वेळात फोन काउंटरवरून उचलून मागच्या खोलीत नेला. त्यामुळं कुणाच्या एचआयव्हीचा किंवा गरोदरपणाचा रिपोर्ट बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाणं थांबलं. सुनेला हे फार पटलं. ती म्हणाली, तपासणीच्या खोलीला आपण पडदा लावतो, फोनला कधी लावलाच नव्हता.

एक गोष्ट खात्यातल्या माणसालाच चटकन सुचावी अशी होती. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून मिळायची, त्यामुळं गावात अंधार झाला तरी साधा फोन चालायचा. आता लाइन फायबरवर आली, तिचा मोडेम घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की फोन मुका. पावसाळ्यात आमच्याकडं लाइट जाते आणि नेमके त्याच वेळी साप चावल्याचे, पाय घसरल्याचे फोन येतात. मोडेम आणि फोनची पेटी इन्व्हर्टरवर घेतली. आधी फक्त पंखा, दिवा आणि औषधांचा फ्रिज त्यावर होते.

फोन उचलणाऱ्या ताईसाठी सुनेकडून एक तक्ता लिहून घेतला. छातीत दुखणं, दम लागणं, फिट, बेशुद्धी, साप, विष, बाळंतिणीचं रक्त, लहान मुलाचं सुस्त पडणं. यातला एकही शब्द कानावर पडला तर नंबर-बिंबर काही नाही, सरळ डॉक्टरच्या हातात फोन. डॉक्टर नसेल तर १०८ सांगायचा, आणि गाडी मिळाली का हे आपण पुन्हा फोन करून विचारायचं. तक्त्याच्या वर तेच तीन जुने प्रश्न लिहिले. सुटलेल्या फोनांची एक वही केली. नंबर, वेळ, परत कुणी फोन केला, काय ठरलं. ज्या रकान्यात सही नाही तो फोन अजून न लागलेला समजायचा.

बटणं दाबायला सांगणारी रेकॉर्ड केलेली बाई बसवावी का, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. मोठ्या इस्पितळाला ती लागते हे मला मान्य आहे. पण आजारी माणसाला, त्यातून म्हाताऱ्याला, चार पर्याय ऐकून पाचवा लक्षात ठेवणं जड जातं. शेवटी आम्ही ती बसवली ती फक्त रात्रीपुरती, मराठीत, थोडक्यात. डॉक्टर कधी येतील, तातडीचा नंबर कुठला, १०८ कधी फिरवायचा, एवढंच. आणि कुणी कुठलंच बटण दाबलं नाही, तर फोन आपोआप माणसाकडं जातो. ही शेवटची सोय मी हट्टानं करून घेतली. बटण न दाबणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात अडचणीत असतो.

दवाखान्याच्या सोनोग्राफी यंत्राची नोंदणी होते, औषधांच्या मुदती बघितल्या जातात, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंगसुद्धा ठरलेले आहेत. फोन तपासायला मात्र कुणी येत नाही, आणि पेशंटची दवाखान्याशी पहिली गाठ तर तिथंच पडते. ही तपासणी डॉक्टरांनी स्वतःच करायची आहे. तिला खर्च फार नाही. रकाने आखलेला कागद, बाकावरच्या लोकांना विचारलेला एक प्रश्न, आणि स्वतःच्या दवाखान्याला बाहेरून, गर्दीच्या वेळी, अनोळखी नंबरवरून करून बघितलेला फोन, एवढ्यावर बरंच कळतं. आमच्या घरी आता सोमवारी रात्री सून सुटलेल्या फोनांची वही मागून घेते, सह्या नसलेल्या ओळींवर बोट ठेवते आणि ताईला विचारते, "यांचं काय झालं?" दिवसाला किती पेशंट तपासले हे सगळे डॉक्टर सांगू शकतात. किती जणांना आपल्यापर्यंत पोचता आलं नाही, हेही ज्याला सांगता येतं, त्याच्या दवाखान्यात मी माझ्या घरचं माणूस निर्धास्तपणे पाठवीन.